टायमिंग बेल्ट बदलताय? आधी खुणा जुळवा!

इंजिनात लपलेला हा रबरी पट्टा ना दिसतो, ना कुरकुरतो. तुटतो मात्र एका क्षणात! तो घरच्या घरी बदलता येतो का?

समजा, दिवाळीच्या सुट्टीत एक कुटुंब गाडीने इंदूरहून नाशिकला निघाले आहे. मागच्या सीटवर मुले, डिकीत फराळाचे डबे. सेंधवा मागे पडते, बिजासन घाट सुरू होतो आणि चालत्या गाडीचे इंजिन एकाएकी बंद पडते. धूर नाही, खडखडाट नाही, तापमानाचा काटाही जागच्या जागी. किल्ली फिरवली तर स्टार्टर फिरतो, उलट नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. एवढ्यात चार माणसे मदतीला धावून येतात आणि अशा वेळी आपल्याकडे जे हमखास सुचवले जाते तेच सुचवतात, ‘‘सेकंड गिअर टाका साहेब, धक्का मारून बघू!’’

नेमकी हीच गोष्ट अशा वेळी करायची नसते. स्टार्टर असा मोकळा मोकळा फिरू लागला, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची दाट शंका घ्यावी. मग प्रत्येक धक्क्यासरशी आणि किल्लीच्या प्रत्येक फेऱ्यासरशी इंजिनाच्या पोटातले नुकसान वाढू शकते. काही शे रुपयांच्या पट्ट्याचे काम पाहता पाहता हेड उघडण्यापर्यंत जाते.

गाडीचे टायर, बॅटरी, ब्रेक यांची काळजी बहुतेक घरांत घेतली जाते. कारण ते दिसतात, आवाज करतात, तक्रार करतात. टायमिंग बेल्ट मात्र झाकणाआड असतो. गाडी पाच-सहा वर्षे वापरूनही हा पट्टा कधी पाहिलेलाच नाही, अशी घरे कमी नाहीत.

शिलाई मशीन आठवा

या पट्ट्याचे काम समजून घ्यायला सर्वांत सोपे उदाहरण म्हणजे घरातले शिलाई मशीन. वरून सुई खाली येते आणि खालचा बॉबिनचा आकडा बरोबर त्याच क्षणी फिरून दोरा पकडतो. दोघांचा मेळ थोडा जरी चुकला तरी टाके सुटतात, आणि जास्त चुकला तर सुई आकड्यावर आपटून मोडते. ज्या गृहिणींनी मशीनचे ‘टायमिंग’ बिघडलेले पाहिले आहे, त्यांना मोटारीचे इंजिन निम्मे समजले म्हणायला हरकत नाही!

इंजिनात सुईच्या जागी पिस्टन असतात. ते खालच्या क्रँकशाफ्टला जोडलेले असतात आणि सिलिंडरमध्ये वर-खाली धावतात. वरच्या बाजूला कॅमशाफ्ट असतो. तो व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडतो. काही झडपा पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेतात, काही जळलेला वायू बाहेर सोडतात. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एकच फेरा व्हावा लागतो. म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या बरोबर दुप्पट दाते असतात. या दोन दातेरी चाकांना बांधून ठेवणारा दातेरी पट्टा म्हणजेच टायमिंग बेल्ट. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर क्रँक सेकंदाला ५० वेळा आणि कॅम २५ वेळा फिरतो. म्हणजे प्रत्येक झडप एका सेकंदात २५ वेळा उघडते आणि मिटते. हे सारे तासन्‌तास बिनचूक चालते ते रबर, काचतंतूंच्या दोऱ्या आणि दातांवरचे नायलॉनचे कापड यांपासून बनलेल्या एका पट्ट्याच्या जिवावर.

पट्टा तुटला की कॅम जागीच थांबतो, पण गाडीच्या वेगाने क्रँक फिरतच राहतो. त्या क्षणी उघड्या राहिलेल्या झडपा खाली लोंबत असतात. अनेक इंजिनांत पिस्टन वर येऊन त्यांच्यावर आपटतो आणि झडपा वाकतात. काही इंजिनांत मध्ये पुरेशी जागा सोडलेली असते, तिथे फक्त गाडी बंद पडते. डिझेल इंजिनांत बहुधा ही जागा नसतेच, कारण तिथे हवा फार जास्त दाबावी लागते. आपले इंजिन यांपैकी कोणत्या जातीचे, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत सहसा लिहिलेले नसते. तेव्हा ते आपटणाऱ्यांपैकीच आहे, असे धरून चालावे.

साखळी गेली, पट्टा आला

आपल्याकडे मोटारवाल्या जुन्या पिढीला या पट्ट्याची सवय नव्हती, त्याला कारण आहे. अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांच्या इंजिनात पट्टा नव्हे, लोखंडी साखळी होती. साखळी झिजली की खळखळ आवाज करून आधी सांगते. पट्टा वापरणारी पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली मोटार पश्चिम जर्मनीतल्या ग्लास कंपनीची १००४. ती १९६२ मध्ये बाजारात आली. पट्टा हलका, स्वस्त, आवाज न करणारा आणि तेलाशिवाय चालणारा, म्हणून पुढच्या वीस वर्षांत तो जगभर पसरला.

भारतातल्या मध्यमवर्गीय घरात तो पोहोचवला मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. ७९६ सी.सी.चे ते तीन सिलिंडरचे छोटे इंजिन पट्ट्यावर चालणारे होते. तेच पुढे मारुती व्हॅनमध्ये, म्हणजे नंतरच्या ओम्नीत आले. १९९३ मधली झेन, १९९८ मधल्या सँट्रो आणि इंडिका यांतही पट्टाच होता. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी जपून वापरलेली ८०० आजही कितीतरी दारांत उभी दिसते. त्यानंतरच्या अनेक छोट्या इंजिनांत कंपन्या पुन्हा साखळीकडे वळल्या. काही अलीकडच्या इंजिनांत तर पट्टा चक्क तेलात बुडालेला असतो. त्याला हात लावण्याचा विचारही घरी करू नये. विजेवर चालणाऱ्या गाडीत मात्र पिस्टनच नसतो, त्यामुळे पट्ट्याचा प्रश्नच येत नाही!

म्हणून पहिला प्रश्न हा, की आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी? पुस्तिकेतल्या देखभालीच्या तक्त्यात टायमिंग बेल्ट बदलण्याची मुदत दिली असेल तर पट्टा आहे. ही मुदत बऱ्याच गाड्यांना ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान असते आणि तिच्या जोडीला वर्षेही दिलेली असतात. ही वर्षे आपल्याकडे हमखास विसरली जातात. आजोबांची गाडी दहा वर्षांत जेमतेम २५,००० किलोमीटर चालली, म्हणून पट्टा नवाच आहे असे होत नाही. रबर उभ्या गाडीतही जुने होते. उन्हाळ्यात नागपूर किंवा हैदराबादच्या उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर अधिकच. शिवाय वरच्या तेलाच्या सीलमधून ठिबकणारे तेल पट्ट्यावर पडत असेल, तर मुदत कितीही शिल्लक असो, पट्टा बदलायलाच हवा.

घरी करावे का?

याचे प्रामाणिक उत्तर असे, की मारुती ८०० सारखे साधे, जुने, एकाच कॅमशाफ्टचे इंजिन असेल, हाताला पान्यांची सवय असेल आणि त्या गाडीचे दुरुस्तीचे पुस्तक जवळ असेल, तर करता येते. ज्याने आजवर फक्त टायर बदलला आहे त्याने या कामापासून सुरुवात करू नये. दोन कॅमशाफ्टची इंजिने, डिझेल आणि ज्यांना कॅम जागी धरून ठेवायला खास हत्यारे लागतात अशी नवी इंजिने गॅरेजमध्येच न्यावीत. डिझेलमध्ये बऱ्याचदा इंधनाचा पंपही याच पट्ट्यावर असतो. तो एक जास्तीचा मेळ जुळवावा लागतो.

घरी करायचे ठरले तर पूर्ण एक दिवस मोकळा ठेवावा. रविवारी दुपारी सुरू करून संध्याकाळी लग्नाला त्याच गाडीने जायचे, असला बेत नको. घाईत खुणा पाहायच्या राहतात.

सुटे भाग आधीच आणावेत. दिल्लीचे काश्मिरी गेट असो, पुण्यातली नाना पेठ असो की गावातले कोपऱ्यावरचे दुकान, या पट्ट्याच्या बाबतीत घासाघीस करून नकली माल घेण्यासारखा तोट्याचा व्यवहार नाही. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, बिल घेऊन पट्टा घ्यावा. त्याबरोबर टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी कप्पी, नवीनच घ्यावी. तिचे बेअरिंग अडकले तर नवा पट्टाही काही दिवसांत जातो. ज्या इंजिनांत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरतो, तिथे पंपही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे. तो पुढच्या वर्षी गळू लागला तर हे सगळे पुन्हा उघडावे लागते.

नवा पट्टा घरी आणल्यावर दुमडू नये, पिळू नये, खिळ्याला टांगू नये. आतल्या काचतंतूंना मोड पडली तर ती वरून दिसत नाही. त्याला तेल, ग्रीस, पेट्रोल काही लावायचे नाही.

पाने हातात घेण्यापूर्वी

गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण थंड. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. कोणी चुकून किल्ली फिरवली तर बोटे जातील, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावे.

गाडी जॅकवर उचलली की लगेच खाली स्टँड द्यावेत, ज्यांना गॅरेजमध्ये ‘घोडी’ म्हणतात. विटा नकोत, लाकडाचे ओंडके नकोत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नये. जॅक घसरल्याने माणसे प्राणाला मुकतात, आणि त्यापुढे पट्ट्याचे सगळे नुकसान किरकोळ आहे.

सर्वांत हट्टी असतो तो क्रँकच्या कप्पीचा मधला बोल्ट. शक्य असेल तर गाडी चारही चाकांवर असतानाच तो सैल करावा. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकायची, घरातल्या कोणाला तरी ब्रेक घट्ट दाबून बसवायचे आणि लांब दांड्याच्या गोटी पान्याने जोर लावायचा. पाना अडकवून स्टार्टर मारायची युक्ती काही जण सांगतात. ती हाड मोडण्याची युक्ती आहे. बोल्ट सैल झाला की गाडी न्यूट्रलमध्ये आणावी.

त्यानंतर गाडी उचलून स्टँडवर ठेवणे, त्या बाजूचे चाक काढणे, बाहेरचे पट्टे सोडवणे, स्पार्क प्लग काढणे ही कामे सरळ आहेत. प्लग काढल्याने इंजिन पान्याने हलके फिरते. सुटलेले बोल्ट लांबीने वेगवेगळे असतात. एका पुठ्ठ्यावर झाकणाचे चित्र काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी खोचून ठेवला, की संध्याकाळी डोके खाजवावे लागत नाही.

एक दाता म्हणजे किती?

आता मुख्य काम. झाकण निघाले की वर कॅमचे मोठे चाक दिसते आणि खाली क्रँकचे छोटे. दोन्ही चाकांवर कंपनीने ठोकलेली एकेक खूण असते आणि तिच्यासमोर इंजिनाच्या अंगावर तिची जोडीदार खूण असते. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच हळूहळू फिरवायचे, जोपर्यंत वरची आणि खालची अशा दोन्ही जोड्या एकाच वेळी समोरासमोर येत नाहीत. खालची जुळली पण वरची उलट्या बाजूला दिसली, तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा. खुणा नेमक्या कुठे आहेत हे प्रत्येक इंजिनाचे वेगळे, आणि काही इंजिनांत एकीपेक्षा जास्त खुणा असतात. म्हणूनच दुरुस्तीचे पुस्तक हवे. शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नये.

खुणांवर तेल-धुळीचा थर असतो. कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक खुणेवर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा, कारण अंधाऱ्या जागी तो चटकन दिसतो. जुना पट्टा काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटोही काढून ठेवावेत. मात्र आधीच्या कोणी पट्टा चुकीचा बसवला असेल तर फोटोही चुकीचाच येणार. शेवटचा शब्द कंपनीच्या खुणेचा.

टेन्शनर सैल केला की जुना पट्टा हाताने निघतो. या वेळी झडपांच्या स्प्रिंगच्या जोराने कॅम किंचित उडी मारू शकतो. थोडा हलला तर पान्याने हळूच जागेवर आणता येतो. अडल्यासारखा लागला किंवा बराच फिरला, तर जोर न लावता थांबावे आणि जाणकाराला बोलवावे. पट्टा नसताना क्रँक मुळीच फिरवू नये.

नवा पट्टा जुन्याशेजारी धरून दाते मोजावेत. संख्या सारखी, रुंदी सारखी, दातांचा आकार सारखा, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पट्टा आधी खालच्या चाकावर चढवायचा, मग टेन्शनर नसलेली बाजू ताठ धरून वरच्या चाकावर आणि शेवटी टेन्शनरच्या बाजूला. सगळी ढिलाई टेन्शनरच्याच बाजूला राहिली पाहिजे. इथेच नवशिका फसतो. ताठ बाजूला अर्धा दाता ढिला राहिला, की टेन्शनर ओढताच वरची खूण सरकते.

एका दात्याने काय बिघडते? क्रँकच्या चाकाला २० दाते आहेत असे धरले, तर ३६० अंश भागिले २०, म्हणजे एका दात्याला १८ अंश. तेवढ्याने इंजिन सुरू होऊ शकते, पण ओढ जाते, पेट्रोल जास्त खाते, रिकाम्या चालीत थरथरते. मालकाला वाटते, कार्ब्युरेटर बिघडला. दोन-तीन दाते चुकले तर झडपा आपटण्याचा धोका!

मग टेन्शनर मोकळा सोडून पट्ट्याला ताण द्यायचा आणि पुन्हा पान्याने, हाताने, क्रँकचे पूर्ण दोन फेरे. ही पायरी कोणी कितीही घाई केली तरी गाळायची नाही. दोन फेऱ्यांनी कॅमचा एक फेरा पुरा होतो आणि चाकांवरच्या खुणा पुन्हा समोरासमोर याव्या लागतात. मध्येच कुठे टक्क असे अडले तर जोर लावू नये. तो पिस्टन झडपेला टेकल्याचा इशारा असू शकतो. खुणा जुळल्या नाहीत तर पट्टा काढून पुन्हा पहिल्यापासून.

काही नव्या पट्ट्यांवर पांढऱ्या रेघा छापलेल्या असतात. त्या बसवताना उपयोगी पडतात, पण दोन फेऱ्यांनंतर त्या चाकांवरच्या खुणांसमोर दिसत नाहीत आणि पुष्कळांची छाती धडधडते. घाबरण्याचे कारण नाही. पट्ट्याचा एक फेरा आणि चाकांचा फेरा सारखा नसल्याने रेघा पुढे सरकतात. पाहायच्या त्या चाकांवरच्या खुणा.

खुणा जुळल्यावर टेन्शनरचा बोल्ट पक्का करावा. ताण पाहण्याची जुन्या मेकॅनिकांची रीत अशी, की सर्वांत लांब मोकळ्या भागात पट्टा अंगठा आणि बोटाने पिळून पाहायचा. साधारण काटकोनापर्यंत पिळला गेला तर ठीक. ही ढोबळ कसोटी झाली. पुस्तकात वेगळे माप दिले असेल तर तेच खरे. फार ताणलेला पट्टा गाडी चालू असताना घुमल्यासारखा आवाज करतो, ढिला पट्टा झाकणावर फटफटतो. कप्पीचा मोठा बोल्ट मात्र अंदाजाने आवळू नये. टॉर्क पाना नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणावा.

सगळे जोडून झाल्यावर पहिल्यांदा इंजिन काही सेकंदच चालवावे आणि ऐकावे. जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर कॅमवरूनच फिरतो, म्हणून ठिणगीचे टायमिंगही नंतर गॅरेजमध्ये तपासून घेणे चांगले.

गॅरेजमध्ये दिली तर

घरी न करणाऱ्यांनीही दोन गोष्टी मागाव्यात. एक म्हणजे जुना पट्टा. तो हातात घेऊन दातांच्या मुळाशी भेगा आहेत का, कडेचे धागे सुटलेत का, पाठ काचेसारखी गुळगुळीत झाली आहे का, तेलाचा वास येतो का हे पाहावे. एकच कड झिजली असेल तर एखादी कप्पी वाकडी आहे, तीही दाखवून घ्यावी. तेलाचा वास येत असेल तर सील बदलले का, हे त्याच वेळी विचारावे. दुसरे म्हणजे पट्टा आणि टेन्शनर वेगवेगळे लिहिलेले बिल.

जुनी गाडी विकत घेताना तर हे बिल हक्काने मागावे. ‘‘बेल्ट मागच्याच वर्षी बदलला,’’ असे विकणारा सांगतो, पण त्याला तारीख सांगता येत नाही. तेव्हा पट्टा बदललेलाच नाही असे समजून ते पैसे किमतीतून वळते करून घ्यावेत आणि लांबच्या प्रवासाला निघण्याआधी नवा बसवावा. मग एका चिकटपट्टीवर तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूला लावून टाकावी.